फ्लाइंग क्लाउडचं अर्धं मॉडेल: बेसमेंटमधल्या नऊ महिन्यांच्या नोंदी

२ मार्च २०२४

बॉस्टनजवळ राहून अठरा वर्षं झाली आणि डोनाल्ड मॅके या एकोणिसाव्या शतकातल्या जहाजबांधणाऱ्याचं नाव फक्त रस्त्यांच्या आणि शाळांच्या पाट्यांवर वाचलं होतं. गेल्या हिवाळ्यात त्याच्यात अडकलो. आता त्याच्या फ्लाइंग क्लाउड या जहाजाचं मॉडेल करतोय. डोलकाठ्या, शिडं, दोऱ्या यांतलं काही नाही. फक्त जहाजाचं भरीव धड, तेही अर्धं.

अर्धं का, ते एकदाच लिहितो. त्या काळी अमेरिकन जहाजबांधणीत लाकडाच्या पातळ फळ्या एकावर एक रचून, खुंट्यांनी बांधून, त्या ठोकळ्यातून जहाजाची एकच बाजू कोरत. दुसरी बाजू तशीच असणार, मग दोनदा कोरायची कशाला? आकार मनासारखा झाला की खुंट्या काढायच्या, थर सुटे करायचे, प्रत्येक थर कागदावर ठेवून पेन्सिल फिरवायची. त्या रेषांची मापं घेऊन मोठ्या माळ्यावरच्या जमिनीवर पूर्ण आकारात जहाज आखायचं आणि त्यावरून लाकडं कापायची. सुटे होणारे थर वापरायची ही युक्ती १७९०च्या दशकात न्यूबरीपोर्टच्या ऑर्लँडो मेरिलने काढली असं मानतात. मॅकेने भागीदारीतली पहिली गोदी घातली तीही याच न्यूबरीपोर्टात.

म्हणजे हे शोभेचं मॉडेल नव्हे. कपडा बेतावा तसं यावर जहाज बेतत असत.

प्रमाण: १ फुटाला १/८ इंच. जहाज साधारण २२९ फूट लांब, म्हणजे मॉडेल २८.६ इंच. रुंदी ४० फूट ८ इंच, तिच्या निम्म्याचे मॉडेलवर अडीच इंचांहून किंचित जास्त. मॉडेलवर १ मिलिमीटर चुकला की जहाजावर जवळपास १० सेंटिमीटर. हा आकडा खडूने भिंतीवर लिहून ठेवलाय.

नकाशा मागवला: ३२ डॉलर.

१० मार्च

पहिला आठवडा वाया.

नकाशा मोठा, म्हणून दुकानातून त्याच्या कामचलाऊ प्रती काढल्या. त्यावरून पुठ्ठ्याचे चार फर्मे कापले. फर्मा म्हणजे जहाजाच्या आडव्या छेदाच्या बाहेरच्या आकाराचा पुठ्ठा. कोरताना लाकडाला लावून बघायचा. चौथा कापून झाल्यावर सहज लांबीला पट्टी लावली तर २७.७ इंच. प्रिंटरने 'पानात बसवा' हा पर्याय आपणहून लावला होता आणि सगळं ९७ टक्के झालं होतं. जहाजाचे सात फूट गेले!

नकाशावर प्रमाणाची छोटी पट्टी असते, ती आधी मोजा. मी मोजली नाही. नव्या प्रती: १८ डॉलर. जुने फर्मे कचऱ्यात.

२३ मार्च

लाकूड आणलं: पाइन आणि चेरी, मिळून ४६ डॉलर. दोन्ही पाव इंच जाडीला रंधून घेतलं. एक थर पाइनचा, एक चेरीचा, असं आलटून पालटून लावलं की कोरल्यावर जलरेषा (पाण्याच्या पातळीला समांतर रेषा) आपोआप पट्ट्यांसारख्या दिसतात. पाव इंच म्हणजे जहाजावरचे २ फूट. चौदा थर धरले, म्हणजे २८ फूट उंची. हा हिशोब चुकीचा निघणार आहे, पण ते मला अजून माहीत नाही.

फळ्या दुकानाच्या थंड शेडमधून आणल्या आणि थेट बॉयलरशेजारी रचल्या. तीन दिवसांत पाइनच्या पाच फळ्या पन्हाळीसारख्या वाकल्या. फळ्यांमध्ये काड्या घालून, वर वजन ठेवून दोन आठवडे गप्प बसायचं होतं.

६ एप्रिल

चिकटवल्या.

इंटरनेटवर सगळेच चिकटवतात म्हणून मीही. थर आधी जलरेषेच्या आकारात करवतीने कापले, पायऱ्या-पायऱ्यांचा डोंगर रचला, पिवळा गोंद लावला, सहा शिकंजे आवळले. बेसमेंटमध्ये तेव्हा ७ अंश सेल्सिअस होतं.

गोंद सुकल्यावर पांढरा, खडूसारखा झाला. थंडीत हा गोंद धरत नाही, डबीवर बारीक अक्षरात लिहिलंय. मॅकेलाही थंडीने गाठलं होतं. त्याचं पहिलं क्लिपर (वेगासाठी बांधलेलं चिंचोळं शिडाचं जहाज) स्टॅग हाउंड ७ डिसेंबर १८५०ला पाण्यात सोडायचं होतं तेव्हा उतरणीवर चोपडलेली चरबी गारठून घट्ट झाली. मग उकळतं व्हेलचं तेल ओतून जहाज घसरवलं. माझ्याकडे तेल ओतून सुटणारं काही नव्हतं. (गोंद ९ डॉलर.)

१५ एप्रिल

पॅट्रियट्स डेची सुट्टी. सगळा गाव मॅरेथॉन बघायला गेला, मी ब्लू लाइन मेट्रो पकडून ईस्ट बॉस्टनला. १८५१ साली याच तारखेला फ्लाइंग क्लाउड तिथे पाण्यात उतरलं होतं.

बॉर्डर स्ट्रीटवर गोदीचं काही उरलेलं नाही. ईगल हिलवर व्हाइट स्ट्रीटला मॅकेचं घर मात्र उभं आहे. खाजगी आहे, बाहेरूनच बघायचं. वर गेलं की खाली बंदर दिसतं. सकाळी खिडकीतून आपल्या गोदीतल्या सांगाड्यांकडे बघणारा माणूस डोळ्यांसमोर आला, आणि मला त्याचा हेवा वाटला. माझ्या बेसमेंटची खिडकी शेजाऱ्याच्या कचऱ्याच्या डब्यांवर उघडते.

माणूस मूळचा इथला नाहीच. १८१०मध्ये कॅनडातल्या नोव्हा स्कोशियात, जॉर्डन फॉल्सला जन्मला. सोळाच्या आसपास न्यूयॉर्कला आला आणि आयझॅक वेबच्या गोदीत उमेदवारीला लागला. लग्न केलं अल्बेनिया बूल हिच्याशी. ती जहाजबांधणाऱ्याची मुलगी, तिला आराखडे वाचता-आखता येत, आणि नवऱ्याचं शिक्षण तिने घरी पुरं केलं असं सांगतात. ही बाजू मला हातोडीच्या कथांपेक्षा जास्त महत्त्वाची वाटते. लाकूड तासणारे न्यूयॉर्कात हजारो होते; आखता येणारे थोडे.

पुढे न्यूबरीपोर्ट. तिथे बॉस्टनचा व्यापारी इनॉक ट्रेन याच्यासाठी १८४४मध्ये जोशुआ बेट्स हे जहाज बांधलं, ते ट्रेनला इतकं आवडलं की त्याने मॅकेला बॉस्टनला यायला लावलं आणि पाठीशी भांडवल उभं केलं. तिथपासूनच सगळं.

संध्याकाळी परत येऊन मॉडेलकडे बघितलं आणि कळलं की नाळेकडचे, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाकडचे, दोन थर हाताने सुटतायत.

२७ एप्रिल

सुटलेल्या थरांनीच शिकवलं. पातळ सुरी घालून तिसराही सोडवला, तिन्ही टेबलावर मांडले, आणि तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की हे *सुटायलाच* हवे होते. थर चिकटवले तर रेषा काढणार कशावरून? मी जहाज बेतत नव्हतो, पेपरवेट करत होतो. बाकीचे अकरा थर मात्र असे धरलेत की पटाशीनेही हलत नाहीत.

आणि दुसरी चूक. नकाशात डेकची रेषा सरळ नसते. मध्ये खाली झुकते, दोन्ही टोकांना वर जाते. मी उंची मोजली ती मध्यावर. नाळेपाशी साडेतीन इंच पुरत नाहीत, जवळपास चार लागतात. चौदा थर कमी पडले.

पहिलं मॉडेल बाजूला. पाच आठवडे, सुमारे ३० तास. बायको म्हणाली, "दाराला लावायला होईल." लावलंय. बेसमेंटचं दार आता आपटत नाही.

११ मे

दुसरी सुरुवात. लाकूड ५२ डॉलर. या वेळी सोळा थर. वरचे दोन फक्त टोकांना, मध्ये नाहीत. सगळे आयताकृती, आधी काहीही कापलेलं नाही. गोंद नाही. ६ मिलिमीटरच्या गोल खुंट्या (६ डॉलर), आणि पाठीमागून एका जाड फळीवर स्क्रूने आवळलेलं.

जुन्या वापरातला एक हाताचा छोटा रंधा (स्पोकशेव्ह) २८ डॉलरला मिळाला, एक गोल पटाशी २४ला.

थर रचताना लाकडाची नस बघा. सगळ्या फळ्यांची नस एकाच दिशेला हवी. माझी सातवी फळी उलटी बसली. रंधा नाळेकडे ओढला की इतर थर लोण्यासारखे निघतात आणि सातव्यातून ढलपी उडते. शेवटपर्यंत त्या थरापाशी रंधा फिरवून उलट्या बाजूने न्यावा लागला.

१८ मे

काम ज्या क्रमाने केलं तो असा, कारण हा क्रम मला कुठेच नीट लिहिलेला मिळाला नाही. आधी बाजूचा आकार: नाळेची वक्र रेषा, पिछाडी आणि डेकची चढ-उतार, हे करवतीने कापून घ्यायचं. मग वरून बघितल्यावर दिसणारी डेकची कड. मग फक्त मधला छेद, जिथे जहाज सगळ्यात रुंद, तिथे फर्मा बसेपर्यंत खाली कोरायचं. हे तिन्ही झाले की मधलं लाकूड कुठे जास्त आहे ते डोळ्यालाच दिसतं. फर्मे नंतर पुढे-मागे एकेक.

मी मधोमध सुरुवात न करता उत्साहात नाळेकडून केली असती तर तिसरं लाकूड आणावं लागलं असतं. हे मात्र चुकलो नाही.

८ जून

चुकलो.

खुंट्या सगळ्या थरांतून सरळ खाली जातात. वरच्या थरांत जहाज रुंद, तिथे भरपूर जागा. खालच्या थरांत तळ चिंचोळा होत जातो. पुढची खुंटी मी पाठीपासून २० मिलिमीटरवर ठेवली होती. दुसऱ्या आणि तिसऱ्या थरात ती कातडीतून बाहेर आली. छान गुळगुळीत लाकडात पांढरा गोल डोळा.

उपाय: खालच्या चार थरांसाठी ती खुंटी काढली, भोक चेरीच्या तुकड्याने बुजवलं, आणि नवी खुंटी पाठीपासून फक्त ८ मिलिमीटरवर, तीही मध्याजवळ. डाग दिसतो. दिसू दे.

जहाजाचा तळ किती तिरका ठेवायचा यावर मॅके सतत फेरफार करत असे. स्टॅग हाउंडचा तळ जास्त उतरता, फ्लाइंग क्लाउडचा थोडा सपाट. उतरता तळ म्हणजे वेग असा तेव्हाचा ठाम समज होता. सपाट तळाला माल जास्त मावतो आणि जहाज शिडं पेलायला भक्कम राहतं. मॅकेने नुसता समज धरून ठेवला नाही. नाळेची धार तीच ठेवून तळ हळूहळू सपाट करत नेला, आणि वेग कमी झाला नाही. माझ्या खुंटीला मात्र स्टॅग हाउंडपेक्षा त्याच्याच नंतरच्या ग्रेट रिपब्लिक जहाजाचा सपाट तळ परवडला असता.

२३ जून

मालवणला मामाला व्हिडिओ कॉल. त्याच्या वडिलांनी होड्या बांधल्या, त्यानेही तरुणपणी. कॅमेरा मॉडेलवरून फिरवला.

"फर्मे कशाक इतके?"

"मामा, नाहीतर कळणार कसं?"

"कांब लाव. बांबूची. मागसून पुढे धर नि बघ खंय उजेड दिसता."

बांबू इथे कुठून आणणार, मग टोमॅटोच्या रोपांना लावतात त्या काठीची पातळ कांब काढली. ती लाकडावर लांबीच्या दिशेने दाबून धरायची, मागे टॉर्च. जिथून उजेड येतो तिथे खड्डा, जिथे कांब उचलते तिथे उंचवटा. फर्मे सगळे बरोबर बसत होते आणि तरी दोन फर्म्यांच्या मधे तीन ठिकाणी लाटा होत्या. फर्मा फक्त आपल्या जागेचं सांगतो, दोन जागांच्या मधलं नाही. अडीच तासांत तिन्ही लाटा गेल्या.

मामाने शेवटी विचारलं, "ही बोट मासे किती धरतली?" कॅलिफोर्नियात सोन्यासाठी गेलेल्या लोकांना पीठ आणि फावडी पुरवायला बांधली होती म्हटल्यावर त्याने मान हलवली. त्याला पटलं नाही.

२० जुलै

दमट. बेसमेंटमध्ये डीह्युमिडिफायर रोज बादली भरतो तरी पाइन फुगलं. खुंट्या भोकांत इतक्या आवळल्या की चाचणीसाठी वरचा थर काढायला गेलो तर खुंटी मोडली. ड्रिलने काढली, भोक मोठं झालं, आता तिथे ८ मिलिमीटरची खुंटी.

खुंट्यांना मेण घासा. मी मोडल्यावर घासलं.

दोन आठवडे काम बंद, पाऊस संपेपर्यंत.

३ ऑगस्ट

नाळ. या सगळ्या कामात मला इथे यायचं होतं.

क्लिपरची नाळ जुन्या मालवाहू जहाजांसारखी फुगीर नसते. पाण्याच्या रेषेपाशी ती किंचित आत वळते, पोकळ होते, मग हळूच बाहेर येऊन रुंद भागाला मिळते. पोकळी इतकी थोडी की बोटाला कळते, डोळ्याला नाही. गोल पटाशीने एक-एक कागदाइतकी साल काढत होतो. चार तासांत तीन इंच.

आणि मग पॉलिश पेपर घेतला आणि पाच मिनिटांत दोन मिलिमीटर उडवले. पॉलिश पेपर बोटाखाली सगळीकडे सारखा घासत नाही. पाइन मऊ, चेरी कठीण, त्यामुळे पाइनच्या पट्ट्या खचल्या आणि चेरीच्या उभ्या राहिल्या. दोन लाकडं वापरायची हौस इथे भोवली. जहाजावर तो खड्डा वीस सेंटिमीटरचा. नंतर पेपर लाकडाच्या ठोकळ्याला गुंडाळूनच वापरला. खचलेला भाग भरला नाही. सगळी नाळ तितकी आत घेतली. म्हणजे माझं फ्लाइंग क्लाउड मूळच्याहून थोडं जास्त टोकदार आहे.

टोकदारपणाचं एवढं कौतुक कशासाठी, तर पहिल्या सफरीसाठी. २ जून १८५१ला न्यूयॉर्कहून निघालं, केप हॉर्नला वळसा घालून ३१ ऑगस्टला सॅन फ्रान्सिस्को. ८९ दिवस २१ तास. साध्या जहाजांना सहा महिने आणि वरही लागत. निघाल्यानंतर काही दिवसांतच वरच्या डोलकाठ्या मोडल्या होत्या, त्या समुद्रातच दुरुस्त केल्या. ३१ जुलैला एका दिवसात ३७४ मैल. १८५४मध्ये याच जहाजाने ८९ दिवस ८ तासांत तीच सफर केली, आणि तो विक्रम १९८९पर्यंत टिकला.

पण नाळ कोरताना एक गोष्ट मनातून जात नव्हती. हा विक्रम सगळा लाकडाचा नाही. कप्तान जोसाया क्रीझीची बायको एलेनॉर जहाजाचा मार्ग आखत होती. अमेरिकन नौदल अधिकारी मॉरी याने केलेले वारे आणि प्रवाह यांचे नवे नकाशे घेऊन कुठे वळायचं ते ती ठरवायची. तेच जहाज दुसऱ्या कोणाच्या हातात हा आकडा देतं का, मला शंका आहे. मॅकेच्या स्मारकाशेजारी तिचं का नाही, हे बॉस्टनकरांनी सांगावं.

७ सप्टेंबर

गणपती. सहाही शिकंजे मखराला लागलेत, मॉडेल पलंगाखाली. काम शून्य.

२१ सप्टेंबर

काल मॅकेची पुण्यतिथी होती, १८८०. त्यानिमित्त पैशाचा हिशोब वाचत बसलो, कारण माझाही हाताबाहेर चाललाय.

फ्लाइंग क्लाउड खरं तर इनॉक ट्रेनसाठी बांधत होते. त्याने ते ९० हजार डॉलरला न्यूयॉर्कच्या ग्रिनेल, मिंटर्न कंपनीला विकलं आणि नंतर हळहळला म्हणतात. मॅकेला मात्र ते बांधून देऊन मोकळं होता आलं, हे त्याचं भाग्य. फसला तो स्वतःच्या पैशाने बांधलेल्या जहाजांत. सॉव्हरिन ऑफ द सीज स्वतःच्या खर्चाने बांधून भावाला, लॉक्लनला, कप्तान केलं, ते निभावलं. त्या धीरावर ग्रेट रिपब्लिक. ४५५५ टन, ३३५ फूट, चार डोलकाठ्या. माझ्या प्रमाणात ते साडेतीन फूट होईल, बेसमेंटच्या टेबलावर मावणार नाही. ४ ऑक्टोबर १८५३ला पाण्यात सोडलं तेव्हा बॉस्टनमध्ये शाळांना सुट्टी दिली होती. डिसेंबरच्या शेवटी न्यूयॉर्कला माल भरून निघायच्या तयारीत उभं असताना फ्रंट स्ट्रीटवरच्या एका बेकरीला आग लागली, ठिणग्या शिडांवर पडल्या. एकही सफर न करता वरचा भाग जळाला. पुढे दुसऱ्यांनी ते लहान करून चालवलं.

त्यानंतरही त्याने लिव्हरपूलच्या जेम्स बेन्सच्या कंपनीसाठी लाइटनिंग, चॅम्पियन ऑफ द सीज, जेम्स बेन्स अशी जबरदस्त जहाजं दिली. आपल्याकडे शाळेत १८५७ शिकवतात, त्यात ही नावं नसतात. पण उठाव मोडायला निघालेले इंग्रज सैनिक कलकत्त्याला नेणाऱ्या जहाजांत यातली होती. जेम्स बेन्स तिथून माल भरून परतलं आणि एप्रिल १८५८मध्ये लिव्हरपूलच्या गोदीत माल उतरवताना जळालं. हे वाचल्यावर दोन दिवस रंधा हातात घेतला नाही. कारण नीट सांगता येत नाही.

१८५७च्या मंदीने उरलंसुरलं नेलं. सोन्याची घाई ओसरली होती, १८५५पासून पनामातून रेल्वे जात होती, आणि चिंचोळ्या जहाजात माल थोडा मावतो. भाडं उतरलं की वेगाला कोण पैसे देणार? नाळेच्या त्या पोकळीत माल बसत नाही, हे मी आता हाताने सांगू शकतो.

१२ ऑक्टोबर

दसरा. रंधा, पटाश्या, करवत, सगळं पुसून पाटावर मांडलं, झेंडूची फुलं वाहिली. मुलीने ड्रिलच्या चार्जरलाही हळद-कुंकू लावलं.

दुपारी सगळे कॅसल आयलंडला. तिथे मॅकेचा दगडी स्तंभ आहे, बंदराच्या तोंडाशी. त्याची जहाजं इथूनच बाहेर पडत. मुलीला स्तंभात रस नव्हता, वर घासत जाणाऱ्या विमानांत होता. विमानतळही ईस्ट बॉस्टनमध्येच.

२ नोव्हेंबर

शेलॅकचे (लाखेच्या पॉलिशचे) तीन हात, १९ डॉलर. पहिला हात जाड लावला, नाळेकडून ओघळ. स्पिरिटने पुसून परत. पॉलिश पेपर आतापर्यंत २२ डॉलरचा. पाठीला ओकची फळी, ३८. महत्त्वाचं: शेलॅक थरांच्या फटीत जाऊन थर चिकटवतो. प्रत्येक हातानंतर अर्ध्या तासाने थर जरा हलवून सोडवा. मी दुसऱ्या हातानंतर विसरलो.

३० नोव्हेंबर

आज मॉडेल उघडलं.

मागचे स्क्रू काढले, खुंट्या खालून ठोकल्या, आणि थर एकेक करून उतरले. प्रत्येकाची कड कागदावर काढली आणि मूळ नकाशावर ठेवून ट्रेसिंग पेपरने ताडून बघितली. मध्यावर जास्तीत जास्त अर्धा मिलिमीटर फरक. पिछाडीला एक. नाळेला, अपेक्षेप्रमाणे, दोन मिलिमीटर, चौथ्या ते सातव्या थरात. सगळ्यात वाईट सातवा, उलट्या नसेचा.

खर्च एकूण २९४ डॉलर. तास १३७, पहिल्या मॉडेलचे तीस धरून. ज्याला एकदाच करायचंय त्याने नकाशाची पट्टी मोजली, एकाच जातीचं लाकूड घेतलं आणि उन्हाळा टाळला तर शंभर तासांच्या आत नक्की होईल.

पुढचं ग्लोरी ऑफ द सीज करायचं मनात आहे, १८६९चं, मॅकेचं शेवटचं क्लिपर. त्याच सुमारास गोदी गेली. पुढे तो हॅमिल्टनच्या शेतावर राहिला. त्याची भारी जहाजं जळाली, आपटली, पण हे टिकलं १९२३पर्यंत. मग सिॲटलजवळ किनाऱ्यावर धातूसाठी जाळलं. तळ त्याचा सपाट. खुंट्यांना जागा मिळेल.

नववा थर अजून दहाव्याला धरून बसलाय, शेलॅकमुळे. वरून ठोकू नका, कड फुटते. उद्या स्पिरिटचे दोन थेंब फटीत सोडून रात्रभर ठेवणार.